तोंडी, वीस गुण

वर्गात गॅदरिंगची तालीम, म्हणून टेबल लायब्ररीत.
सहावी ब. अडतीस मुलं. प्रत्येकी तीन मिनिटं.
उच्चार पाच, ओघ पाच, व्याकरण पाच, शब्दसंपत्ती पाच.
शेजारच्या प्लॉटवर पाइलिंगचं मशीन
सकाळपासून एकच क्रियापद चालवतंय.

हर्षिल गाला खुर्चीत टेकायच्या आत
'गूटन टाग' म्हणून मोकळा.
त्याला दोन भाऊ आहेत. त्याच्याकडे कुत्रा आहे.
तो बर्लिनमध्ये राहतो.
एकुलता एक आहे हा, चेंबूर कॅम्पातला,
कुत्रं दिसलं की बाकावर चढतो.
पण क्रियापद दुसऱ्या जागी, कर्ता त्याला धरून,
कुठेही अडखळ नाही.
वीसपैकी एकोणीस.
खरेपणाला रकाना नाही.

पलाशचं 'इश' गेल्या आठवड्यापर्यंत 'इक' होतं.
दातांना तार बसली, आणि आता हवा
बरोबर तिथून निसटते जिथून ती निसटावी म्हणून
मी जून महिन्यापासून घसा कोरडा केला.
पाच. डेंटिस्टला किती द्यायचे?

भार्गवी घाडी. आकडे.
चित्रात दार, दारावर त्रेचाळीस.
बाकी वर्ग इथेच आपटतो,
फॉर्टी-थ्री मनात धरून ते उलटं करू जातो.
ही आत्याच्या पापडांच्या दुकानात
रोज संध्याकाळी सुटे मोजते, मराठीत,
आधी त्रे, मग चाळीस,
म्हणून द्राय-उंट-फिर्त्सिश
गल्ल्यात नाणं पडावं तसं पडलं.
'मिस, हे आपल्यासारखंच आहे की!'
हे ती मराठीत म्हणाली,
म्हणजे नियमाने ती काही म्हणालीच नाही.

इनाया मुकादम.
वो वोन्स्ट डू?
इश वोनं इन... आणि गप्प.
सोपं होतं. मुंबई म्हटलं असतं तरी चाललं असतं,
सदतीस जण मुंबईच म्हणतात.
ती छताकडे बघत राहिली,
मशीनने सहा वेळा जमीन ठोकली.
मग अगदी हळू, चोरून,
'जुनं घर सांगू का मिस? ते पाडलंय.
नवं अजून नाहीये. आत्ता मामूकडे आहोत,
पण अम्मी म्हणते, तिथे आपण राहत नाही, फक्त थांबलोय.'

थांबणे. आमच्या पुस्तकात हे धडा अकरामध्ये येतं.
आम्ही चारवर आहोत.

मला माझी तोंडी आठवली.
छंद विचारला होता. मी म्हणाले, मला पोहायला आवडतं.
पाण्यात मी कधी गुडघ्यापुढे गेले नाही,
विणकामाचा शब्द तेवढा आठवत नव्हता.
परीक्षक हसून म्हणाले, छान.
त्या 'छान'वर मी पंधरा वर्षं शिकवतेय
अशा देशाची भाषा, जिथे मला
कुणी अजून विचारलेलं नाही, तू कुठे राहतेस.

ओघ, दोन.
पेनाने लिहिलं, शाळेचा नियम आहे.
पुढचा नंबर, पुढचा, पाणी, पुढचा.

साडेतीनला टेबल सरकवत होते,
तेव्हा दार थोडं उघडलं.
इनाया. दप्तर पाठीवर, एक बूट सुटलेला.
'इश वोनं त्स्वाय,' ती म्हणाली.
मी राहते दोन.
व्याकरणात बसत नाही. संख्येपुढे नाम हवं,
नामाला लिंग हवं, लिंगाला प्रत्यय,
आणि 'मध्ये' राहिलंच.

'दोन काय?' मी विचारलं, जर्मनमध्ये,
परीक्षा संपली होती तरी.
तिने बोटं वर केली, बघितली,
एक खाली घेतलं, पुन्हा वर केलं,
आणि खालून व्हॅनवाल्याने हॉर्न दिला.